पाव किलोची पिशवी, दीड फुटाची भिंत

बॉक्सिंगच्या स्पीड बॅगचं वजन पाव किलोच्या आसपास असतं. आत हवेचा ब्लॅडर, बाहेर चामडं, खाली फुगीर आणि वर निमुळती. ती टांगायला मी जांभ्याची दीड फूट जाड भिंत चार ठिकाणी आरपार पाडली, दोन्ही बाजूंनी लोखंडी प्लेटा लावल्या आणि पंचेचाळीस किलोंचा सांगाडा चढवला, हे ऐकून माझ्याच धंद्यातली माणसं हसतात. पाण्यानं भरलेला पंधरा लिटरचा गीझर दोन फास्टनरवर वर्षानुवर्षं लटकतो, मग एवढ्याशा पिशवीला हा थाट कशाला, असं त्यांचं म्हणणं.

गीझर गप्प बसतो, हे त्याचं उत्तर. पिशवीला एक ठोसा मारला की ती वरच्या गोल फळीच्या मागच्या बाजूला आपटते, उलटून पुढच्या बाजूला आपटते, पुन्हा मागे आपटते आणि मग हाताशी येते. एका ठोशाला फळीवर तीन टोले. बसलेला हात सेकंदाला दोन ठोसे सहज मारतो. बॉक्सिंगची एक फेरी तीन मिनिटांची. गुणाकार केला तर एका फेरीत हजाराच्या वर टोले होतात, आणि ते सगळे आडवे. बोल्टाला सरळ ओढणाऱ्या वजनाची फारशी भीती नसते. नट सैल करतो तो आडवा हादरा. १९६९ मध्ये गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं हे प्रयोग करून दाखवलं होतं. सांध्यात केसभर जरी आडवी हालचाल होत राहिली, तरी नट आपोआप उलटा फिरायला लागतो. डिप्लोमाला असताना हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्याचा खरा उपयोग ग्रिलं, गेटं आणि पत्र्याच्या शेडी करण्यात कधी झाला नाही. तो इथे झाला.

चिपळूणजवळच्या एका गावात एक निवृत्त सुभेदार मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतात. नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत झाली, बेळगावच्या सेंटरला असताना ते रिंगणात उतरले होते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्या पुरात खालच्या अंगाची एक भातगिरण बुडाली. मोटर गेली, मालकानं गिरण पुन्हा चालू केली नाही. ती जागा सुभेदारांनी मागून घेतली. आतली खोली अंधारी आणि अरुंद, म्हणून सराव मागच्या अंगणात होतो. गिरणीची मागची भिंत उघड्या चिऱ्याची, गिलावा नसलेली. दारावर वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवलेली आहेत. मेरी कोम आहे, टोकियोत कांस्य मिळवणारी लवलीना आहे, २०२२ मध्ये इस्तंबूलला सुवर्ण जिंकलेली निखत झरीन आहे. मुलग्यांचं कात्रण एकच, विजेंदरचं, तेही पिवळं पडलेलं. सरावाला येणाऱ्यांतही मुली जास्त. मुलगे पोलीस भरतीची तारीख जवळ आली की उगवतात, असं सुभेदार म्हणतात.

मला बोलावलं तेव्हा त्या भिंतीवर आधीच एक प्रयोग होऊन गेला होता. पोरांनी प्लायचा तुकडा बाजारातल्या दोन ब्रॅकेटांवर बसवला होता आणि ब्रॅकेटं रावळ प्लगांवर. भोकं आता अंगठा जाईल एवढी मोठी झालेली. सुभेदारांनी मला ती दाखवली आणि म्हणाले, "अरे, जाड बोल्ट मार आता. अर्ध्या तासाचं काम आहे."

"साहेब, बोल्ट जाड झाला म्हणून दगड बदलत नाही," मी म्हटलं.

जांभा हा फसवा दगड आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पूर्वी कुऱ्हाडीनं चिरे पाडत. उघड्या हवेत राहिला की वरून टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या डॉक्टरानं मलबारात फिरताना नेमकं हेच टिपून ठेवलं होतं, त्याचं पुस्तक १८०७ सालचं आहे. पण तो टणकपणा वरवरचा. आत लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचं जाळं असतं आणि जाळ्याच्या पोकळ्यांत मऊ माती. एका चिऱ्यात हातोडा खणखणतो, शेजारच्यात बद्द वाजतो. दोन्ही एकाच खाणीतले, एकाच दिवशी पाडलेले असू शकतात.

आमच्याकडे अशा कामाला सगळे जो फास्टनर वापरतात, तो फुगणारा असतो. भोकात घालून नट आवळला की त्याची नळी बाहेरच्या बाजूला फाकते आणि भोकाच्या कडेला दाबून धरते. घाटावरच्या काळ्या दगडात हे फार छान चालतं. सातारा, कोल्हापूरकडच्या जुन्या बांधकामात मी असे फास्टनर मारलेत, ते कापल्याशिवाय निघत नाहीत. भाजक्या भरीव विटेतही, विटेच्या बरोबर मध्यावर मारला आणि हावरटासारखा आवळला नाही तर, निभावतं. जांभ्यात मात्र नळी फाकते ती मातीच्या पोकळीत. वर चार दिवस घट्ट वाटतं. मग रोज हजारो टोले बसले की कडेचा दगड पीठ होत जातो.

हे सुभेदारांना तोंडी सांगून पटलं नसतं. भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे काही टांगायचं नव्हतं, तिथे मी बारा मिलिमीटरचा फास्टनर मारला आणि पाना त्यांच्याच हातात दिला. तीन-चार आटे आवळले गेले. मग पाना जड होण्याऐवजी हलका झाला आणि नटाबरोबर अख्खा फास्टनर गोल फिरायला लागला. त्यांनी तो हातानं ओढून काढला. भोकातून पिवळी माती सांडली.

केमिकल अँकरचा विचार मी केला होता. भोकात राळ भरायची, तिच्यात सळई बसवायची, राळ घट्ट झाली की दगड आणि सळई एक होतात. यात फुगण्याचा जोर नसतो, म्हणून दगड फुटत नाही. शहरातले लोक हल्ली सगळीकडे हेच सांगतात. काँक्रीटसाठी मीही सांगेन. पण भोक ब्रश आणि फुंकणीनं पुन्हा पुन्हा साफ केल्याशिवाय राळ धरत नाही, कारण ती दगडाला न चिकटता धुळीला चिकटते. जांभ्याच्या भोकातली धूळ तर संपतच नाही. शिवाय आतली पोकळी किती राळ गिळेल, त्याचा नेम नाही.

या कामाला मी आमच्या भागातल्या एका जुन्या गवंड्याला बरोबर घेतलं होतं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "चिऱ्याच्या तोंडावर भरवसा ठेवू नको. पलीकडे जा."

पलीकडे जा म्हणजे आरपार जा. भिंतीच्या आतून बाहेर लांब आटेदार सळई काढायची, दोन्ही तोंडांवर रुंद प्लेट लावायची आणि दोन प्लेटांच्या मध्ये भिंत धरायची. मग बोल्ट चिऱ्याच्या पोटात काही शोधत बसत नाही. जुन्या इमारतींच्या फुगलेल्या भिंती आवरायला बाहेरून जे लोखंडी गोल किंवा फुल्या लावलेल्या दिसतात, त्यांचं काम हेच. आणखी एक फायदा आहे, तो कागदावरच कळतो. आखूड बोल्ट आवळला की तो ताणला जातो तो केसाच्या काही हिश्श्यानं. खालचा दगड जरा दबला की तो ताण संपतो आणि नट मोकळा होतो. दीड फुटाची सळई जास्त ताणली जाते, म्हणून दगड थोडा बसला तरी तिच्यात ओढ शिल्लक राहते. ही ओढ असेतो प्लेट सरकत नाही, आणि प्लेट सरकली नाही तर युंकरसाहेबांचा नट फिरत नाही.

भोकं कुठे पाडायची यात अर्धा दिवस गेला आणि तो गेला ते बरं झालं. बोल्ट चिऱ्याच्या मध्यावर यायला हवा, दर्जेत म्हणजे सांध्यात नको. जांभ्याच्या भिंतीत सांधेमोड असते, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो. त्यामुळे एका थरात चिऱ्याचा मध्य गाठला की लगतच्या थरात त्याच ओळंब्यात सांधा येतो, आणि त्याच्या पुढच्या थरात पुन्हा मध्य. भिंत बांधणाऱ्याचा हात सरळ असला तर चार थर खाली आलं की बोल्टांना पुन्हा भरीव चिरा मिळतो. इथे चार थरांचं अंतर ऐंशी सेंटिमीटर आलं. आडवं अंतर आपोआप एका चिऱ्याच्या लांबीचं झालं. सांगाडा मी या मापांवरून बनवला. आधी सांगाडा करून तो भिंतीवर टेकवून जिथे भोक येईल तिथे ड्रिल लावायचं, ही रीत ग्रिलला चालते.

ऐंशी सेंटिमीटर का, कमी का नको, याचा हिशेब सुभेदारांनी मागितला, तो त्यांच्या वहीत करून दिला. प्लॅटफॉर्मचं, म्हणजे फळीसकट सांगाड्याचं, वजन पंचेचाळीस किलो, ते भिंतीपासून सरासरी अर्धा मीटर बाहेर. वरचे बोल्ट भिंतीतून ओढले जातात, खालच्या बाजूला सांगाडा भिंतीला दाबतो. वर-खाली अंतर ऐंशी सेंटिमीटर ठेवलं की वरच्या प्रत्येक बोल्टावर चौदा किलोंची ओढ येते. अंतर निम्मं केलं तर ती दुप्पट. "चौदा किलो म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. काहीच नाही हे खरंच आहे. पण ज्या दिवशी सुभेदार गावी नसतील त्या दिवशी दोन पोरं या प्लॅटफॉर्मला लोंबकळून पुलअप मारणार, हेही तितकंच खरं. दोघांचं मिळून सव्वाशे किलो वजन भिंतीपासून पाऊण मीटर लांब टोकाला. तेव्हा वरच्या एकेका बोल्टावर एकूण सत्तर किलोंच्या वर ओढ येते. माझा हिशेब पोरांचा होता, पिशवीचा नव्हता.

भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवला. जांभ्याला ठोक्याची गरज नसते आणि हॅमर चालू राहिला तर बिट पलीकडे निघताना मागच्या बाजूचा थाळीएवढा टवका उडवतो. दोन फुटी बिट, सावकाश फिरवत, मामा बिट सरळ आहे का ते बाजूनं बघत. बाहेर पडणाऱ्या भुश्श्याचा रंग बघत राहायचा. तांबडा म्हणजे दगड, पिवळा म्हणजे माती. भिंतीच्या मधोमध चारही भोकांत पिवळं आलं, कारण जुन्या जाड भिंतीत दोन बाजूंचे चिरे वेगळे उभे असतात आणि मधला भाग माती-खडीनं भरलेला असतो. ही पोकळी तशीच ठेवून बोल्ट आवळले असते तर दोन बाजू एकमेकींकडे ओढल्या गेल्या असत्या. म्हणून भोकांतून सिमेंटची पातळ स्लरी सोडली. एका भोकानं इतकी स्लरी प्यायली की मामा पलीकडे जाऊन कुठून गळतेय का ते बघून आले.

भोकांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. चिपळूणच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. उतार आतल्या बाजूला राहिला तर सळईवरून पाणी गिरणीत शिरतं आणि सळई भिंतीच्या पोटात गंजते, जिथे ती कोणाला दिसणार नाही. सळया गॅल्व्हनाइज्ड घेतल्या. दाभोळ, गुहागरसारखं अगदी समुद्रावर काम असतं तर स्टेनलेसच घ्यायला लावली असती, आणि तीही ३१६ ची. खाऱ्या हवेत ३०४ वर पण तांबूस ठिपके येतात.

बाकी सांगाडा साधा. तीन इंची चॅनलचे दोन उभे, त्यांतून बाहेर आलेले अँगलचे दोन हात. बॉक्स पाइप दिसायला सुबक, पण बाहेरच्या कामात मला तो आवडत नाही, आतून गंजतो आणि कळतं ते पाइप मोडल्यावर. तिरपे टेकू खालून न देता वरून दिले, कारण खाली खेळणाऱ्याचे हात आणि तोंड असतं. फळी सातशे दहाच्या मरीन प्लायची, अठरा मिलिमीटरचे दोन थर चिकटवून, व्यास साठ सेंटिमीटर. फणसाच्या एकसंध लाकडाची करा असं मामांचं म्हणणं होतं. लाकूड सुरेखच दिसलं असतं, पण पावसाळा आणि मे महिन्याचं ऊन यांत अशी रुंद फळी वाकडी होते आणि पिशवी वाकड्या फळीवरून सरळ परत येत नाही. फळीच्या डोक्यावर सहा मिलिमीटरचा गोल पत्रा बसवला. त्याचं एकट्याचं वजन तेरा किलो. त्याला दुसरं काही काम नाही, नुसतं जड असणं हेच काम. हलकी फळी टोल्याबरोबर स्वतः थरथरते, पिशवीचा जोर खाते आणि पिशवी मेल्यासारखी परत येते.

खरा वाद झाला तो उंचीवरून. पिशवीचा सगळ्यात जाड भाग खेळणाऱ्याच्या हनुवटी-ओठांच्या पातळीला यावा लागतो. सुभेदारांकडे दहा वर्षांच्या पोरीपासून सहा फुटी पोरापर्यंत सगळे. त्यांनी मोबाइलवर वर-खाली सरकणारा प्लॅटफॉर्म दाखवला, चाक फिरवून उंची बदलणारा. मी नाही म्हटलं. सरकणाऱ्या सांध्यात सरकण्यापुरती फट लागते, आणि फट म्हणजे हादरा. कारखान्यात मशीनवर तासलेला सांधा असेल तर वेगळी गोष्ट. माझ्याकडे ग्राइंडर आहे. कडी लांब करून पिशवी खाली सोडू या, असंही ते म्हणाले, पण पिशवी फळीपासून लांब गेली की तिचा जाड भाग फळीला लागतच नाही. शेवटी प्लॅटफॉर्म सगळ्यात उंच पोराच्या मापाला पक्का केला आणि लहानांसाठी एकावर एक बसणारे लाकडी चौरंग करून दिले. सुभेदारांना ते आवडलं नाही. पोरांनी दुसऱ्याच दिवशी चौरंगांवर आपापली नावं खडूनं लिहिली.

भिंत उघड्या चिऱ्याची, त्यामुळे चॅनल कुठे टेकतो, कुठे अधांतरी राहतो. मध्ये रबर घालायचा सल्ला पुष्कळजण देतात. रबरानं आवाज मरतो, पण सांगाडा रबरावर डोलत राहतो. आम्ही चॅनलच्या मागे सिमेंटचा घट्ट माल थापला, सांगाडा ओळंब्यात धरला, नट हातानं लावले आणि आठवडाभर नुसतं पाणी मारलं. नट पान्यानं आवळले ते त्यानंतर, चारही थोडे थोडे, आळीपाळीनं. वर दुसरा चेक नट. नट आणि प्लेट दोन्हीवरून जाणारी पिवळ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

पहिल्या दिवशी सुभेदारांनी स्वतः पिशवी घेतली. वय साठीच्या पुढे, पण हात असा चालला की पोरांनी मोबाइल काढले. मधेच ते थांबले. "काहीतरी खुळखुळतंय." मी सगळे नट पाहिले, फिरकीची कडी पाहिली, ती फळीला आरपार बोल्टांनी बसवली होती. सगळं जागच्या जागी. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा खुळखुळ. शेवटी एका मुलीनं भिंतीला कान लावून शोधलं. चार हातांवरच्या जुन्या खिडकीचा एक गज चौकटीत सैल होता. तो गिरणीच्या मोटरनं आधीच ढिला केला असावा. मामांनी त्यात सागाची पाचर ठोकली आणि भिंत गप्प झाली.

वर पावसासाठी पत्रा घातला, तो वेगळ्या खांबांवर, प्लॅटफॉर्मला कुठेही न टेकवता. नाहीतर प्रत्येक ठोशाला पत्रा बोलला असता. पिशवी सराव संपला की काढून घरी न्यायची, हा नियम सुभेदारांचा. श्रावणात इथे चपलांवरही बुरशी चढते.

पहिला पावसाळा गेल्यावर मी बघून आलो. चारही नटांवरच्या रेघा अखंड होत्या. फळीच्या कडेचा रंग एका बाजूला फुगला होता, तो खरवडून पुन्हा दोन हात मारले. वरच्या अँगलच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूचा रंग घासून चकचकीत लोखंड दिसत होतं, बरोबर पंजाच्या रुंदीचं. सुभेदारांना ते दाखवलं. त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या मुलग्यांकडे पाहिलं आणि कोणी काही बोललं नाही.

ते काम बघून गुहागरकडचा एक गृहस्थ आला होता. मुलीला शिकवायचंय, अंगणाच्या गडग्याला असाच प्लॅटफॉर्म लावून द्या, म्हणाला. मी जाऊन पाहिलं. एका चिऱ्याच्या जाडीचा, छातीच्या वर गेलेला, कुठेही आधार नसलेला मोकळा गडगा. हातानं ढकलला तरी वरचा थर जाणवत होता. अशा भिंतीला आरपार बोल्ट मारून फायदा नाही, तिथे भिंतच टोल्याबरोबर हलणार. तीन फूट खड्डा घ्या, काँक्रीटमध्ये चार इंची पाइप उभा करा, प्लॅटफॉर्म त्यावर लावतो, असं सांगितलं.

"मग एवढी भिंत काय कामाची?" तो म्हणाला.

"गुरं आत येऊ नयेत म्हणून आहे ती," मी म्हटलं. खड्डा दिवाळीनंतर घेऊ असं ठरलंय. आता खणला तर जांभ्यातलं पाणी आटणार नाही.